शंभरातल्या किती जणी?

शस्त्रक्रिया एकच, बायका त्याच, आणि यशाचे आकडे मात्र तीन. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ६५५ स्त्रियांचा अभ्यास छापून आला. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी सुटते अशा या बायका. साधारण निम्म्यांच्या शरीरातलीच स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून ती मूत्रमार्गाखालून आधाराला बांधली. याला आम्ही फॅशियल स्लिंग म्हणतो. उरलेल्यांवर बर्चची जुनी शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी स्लिंगच्या गटात यश ४७ टक्के. त्याच लेखात, त्याच गटाचं यश ६६ टक्के. आणि उपचाराबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला त्याच गटातल्या ८६ टक्के जणींनी हो म्हटलं.

यात लबाडी कुठेच नाही. ४७ टक्क्यांत बसायचं तर कसलीच गळती नको, तीन दिवसांच्या नोंदवहीत एकही थेंब नको, २४ तास वापरलेल्या पॅडचं वजन १५ ग्रॅमच्या आतच वाढायला हवं, भरल्या मूत्राशयाने खोकून दाखवल्यावर कोरडं हवं, शिवाय पुन्हा उपचार घेतलेले नकोत. ६६ टक्क्यांसाठी फक्त खोकल्या-शिंकेची गळती मोजली. ८६ टक्के हा बायकांचा स्वतःचा कौल.

मी ओपीडीत बसते तेव्हा हे तिन्ही आकडे माझ्या डोक्यात असतात आणि समोरून प्रश्न येतो, “मॅडम, ऑपरेशन यशस्वी होणार ना?” हा प्रश्न बहुतेक वेळा मुलगा किंवा नवरा विचारतो. जिला त्रास आहे ती पदराशी चाळा करत बसलेली असते. मग मी त्या गृहस्थांना बाहेर बसायला सांगते. दार लागलं की खरी हकीगत सुरू होते.

ती हकीगत नीट ऐकली तर निम्मं निदान तिथेच होतं. “शिंक आली की लुगडं भिजतं”, “हंडा उचलला की होतं”, “नातवाला कडेवर घेतलं की गेलं” ही एक जात. पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्रमार्ग तो दाब पेलत नाही. डॉक्टर याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. हा स्ट्रेस मनाचा नव्हे, पोटातल्या दाबाचा. दुसरी जात निराळी: “एकदा लागली की धीर निघत नाही, कुलूप उघडेपर्यंत सुटते.” इथे मूत्राशयच वेळीअवेळी आकुंचन पावतं. त्याला स्लिंगचा उपयोग नाही. त्यावर लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचं शिक्षण, गोळ्या आणि त्यानेही भागलं नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं असा वेगळा रस्ता आहे. अनेकींना दोन्ही असतं. अशा बाईवर स्लिंगचं ऑपरेशन उत्तम झालं, शिंकेची गळती थांबली, तरी बाथरूमच्या दाराशी साडी भिजायची ती भिजतेच. तिच्या दृष्टीने ऑपरेशन फसलं, आणि तिचं काही चुकत नाही.

म्हणून मी केसपेपरवर तपासणीच्या आधी एक ओळ लिहिते: बाईंना नेमकं काय करता यायला हवं आहे. तिच्या शब्दांत, जमेल तितकं जसंच्या तसं. एका निवृत्त शिक्षिकेला मंगळागौरीला फुगडी घालायची होती. भाजीचा ठेला लावणाऱ्या एका ताईंना पहाटे मार्केटमधून क्रेट उचलता यायला हवे होते. या दोघींना स्लिंगचा फायदा होईल हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकले. एका आजींची इच्छा मात्र एवढीच होती की लेकीकडे मुक्कामाला गेल्यावर गादीवर प्लास्टिक अंथरावं लागू नये. रात्री झोपेत होणारी गळती खोकल्याची नसते. त्यांना मी ऑपरेशन करू नका म्हटलं. त्यांचा मुलगा नाराज झाला, पैशांची सोय करून आला होता.

शरीरात बिघडतं काय, हे समजायला अंगणातल्या पाण्याच्या रबरी पाइपकडे बघावं. पाइप फरशीवर असेल तर पाय ठेवताच पाणी बंद होतं. तोच पाइप चिखलात असेल तर पायाखाली नुसता रुततो, पाणी वाहतच राहतं. मूत्रमार्गाखालची फरशी म्हणजे योनीची पुढची भिंत आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे स्नायू व पडदे. बाळंतपणं, वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, वर्षानुवर्षांचं कुंथणं यांनी ती फरशी मऊ होते. गेल्या शंभरेक वर्षांतली सगळी ऑपरेशनं ती कशी टणक करावी याच्या वेगवेगळ्या कल्पना आहेत.

पहिली प्रसिद्ध कल्पना बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांची. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूत्राशयाच्या मानेखालचे पडदे टाक्यांनी आवळायला सुरुवात केली. हा टाका आपल्याकडे अजून जिवंत आहे. योनीमार्गे गर्भाशय काढताना जाता जाता ‘केली’ घालून देण्याची सवय अनेकांना आहे. सुरुवातीला बरं वाटतं. पण काळाच्या कसोटीवर हा टाका बर्चपेक्षा उणा ठरतो, हे कित्येक अभ्यासांतून दिसून आलं आहे. मी तो स्ट्रेसच्या गळतीसाठी घालत नाही. १९४२ मध्ये आल्ड्रिज यांनी पोटाच्या आवरणाच्या पट्टीची स्लिंग वर्णन केली. १९६१ मध्ये नॅशव्हिलच्या जॉन बर्च यांनी योनीची भिंत जांघेच्या हाडामागच्या भक्कम बंधनाला टाके घालून वर उचलली. पुढची तीसेक वर्षं बर्चचं राज्य होतं.

आणि मग आली ती स्वीडनमधली पट्टी. उप्सालाचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांचं म्हणणं असं की मूत्राशयाची मान वर उचलायची गरजच नाही; मूत्रमार्गाच्या मधोमध, खालून सैलसर आधार पुरे. १९९६ मध्ये उल्मस्टेन यांनी हे ऑपरेशन प्रसिद्ध केलं: पॉलिप्रॉपिलिनच्या विणीची सेंटिमीटरभर रुंद टेप, जागच्या जागी भूल, अर्ध्या तासाचं काम. बाई जागी असायची. सर्जन तिला म्हणायचा, खोका. ती खोकायची, आणि थेंब जेमतेम थांबेल इतकीच टेप तो ओढायचा. या टेपला टीव्हीटी म्हणतात. २००१ मध्ये फ्रान्सच्या देलोर्म यांनी तीच टेप मूत्राशयाजवळून न नेता जांघेतून काढली, ती टीओटी. पोट उघडण्याचा प्रश्न संपला, मुक्काम कमी झाला आणि जगभर लाखो बायकांना टेप बसली.

आकडेही बोलके आले, पण तेही कान देऊन ऐकावे लागतात. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वॉर्ड आणि हिल्टन यांनी ब्रिटन व आयर्लंडमधल्या ३४४ बायकांवरचा अभ्यास छापला. सहा महिन्यांनी टीव्हीटीचं यश ६६ टक्के, बर्चचं ५७. वाचणाऱ्याला वाटेल, टेप सरस. पण बर्च वाट्याला आलेल्या बऱ्याच जणींनी ऑपरेशनच्या आधीच माघार घेतली होती, काही पुन्हा तपासायला आल्या नाहीत, आणि त्या सगळ्या ‘अपयश’ या रकान्यात मोजल्या होत्या. त्यांना वगळलं की दोन्ही आकडे चढतात आणि दोघांतलं अंतर पुसट होतं. न आलेल्या बाईला काय समजायचं? बरी झाली म्हणून आली नाही, की वैतागून दुसरीकडे गेली? माझ्या तालुक्यातून येणाऱ्या बायकांच्या बाबतीत तिसरंही कारण असतं: एसटीचा खर्च, किंवा सोबत यायला कुणी नसणं. मी फोन करायला लावते. अर्ध्या वेळी फोन मुलाकडे असतो आणि तो म्हणतो, “आई बरी आहे.” ती नोंद मी यशात धरत नाही.

२०१० चा अमेरिकेतला ५९७ जणींचा अभ्यास तर उलटीच गंमत दाखवतो. टीव्हीटीच्या मार्गाची टेप आणि टीओटी यांची तुलना. वर्षानंतर तपासणीच्या मापाने यश ८०.८ आणि ७७.७ टक्के. बायकांच्या सांगण्यावरून मोजलं तर ६२.२ आणि ५५.८. म्हणजे २००७ मध्ये बायका मोजमापापेक्षा खूश होत्या, आणि इथे मोजमाप बायकांपेक्षा खूश. कारण साधं आहे. समाधानी आहात का, हा एक प्रश्न. आता अजिबात होत नाही ना, हा दुसरा. दिवसाला चार पॅड लागत होते त्या बाईला आता लग्नाकार्यापुरता एक लागत असेल, तर पहिल्याला ती हो म्हणेल आणि दुसऱ्याला नाही.

याच अभ्यासात पुढचा हिशेबही आहे. टीव्हीटीच्या मार्गाच्या टेपनंतर २.७ टक्के जणींना लघवी अडल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागलं. टीओटीत एकीलाही नाही. पण टीओटीत मांडीची कमजोरी किंवा बधिरपणा अशी मज्जातंतूंची लक्षणं ९.४ टक्क्यांना झाली, दुसरीकडे ४ टक्क्यांना. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण माझ्या बायका उकिडव्या बसून भांडी घासतात, वाकून खुरपतात. जांघेत दुखणं राहिलं तर कोरडेपणाचं सुख तिला पुरणार नाही. निवड करताना ती जमिनीवर बसते की खुर्चीवर, हेही मी विचारते.

या टेपसाठी वापरतात त्या कृत्रिम जाळीबद्दल आता कुठलीही बाई इंटरनेटवर वाचून येते, निदान तिची सून तरी. ती भीती अनाठायी नाही. ब्रिटनमध्ये टेप आणि जाळी शरीरात रुतून, भिंतीतून बाहेर डोकावून, वर्षानुवर्षं दुखत राहिलेल्या बायकांनी आवाज उठवला. त्यांना आधी अनेक डॉक्टरांनी हे मनाचे खेळ आहेत असं सुनावलं होतं. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये जाळीच्या ऑपरेशनांना विराम दिला गेला, त्यात गळतीची टेपही आली. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या अहवालाने त्या बायकांचं म्हणणं खरं ठरवलं. अमेरिकेत २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरच्या उपचारासाठी योनीमार्गे घालायच्या जाळीची विक्री थांबवली. गळतीची टेप मात्र तिथे चालू आहे. मोठी जाळी आणि सेंटिमीटरभर टेप यांत फरक आहे. नॉर्डिक देशांत १७ वर्षांनी तपासायला आलेल्या टीव्हीटीच्या बायकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना खोकल्यावर थेंब आला नाही. पण फरक आहे म्हणून धोका शून्य नाही, आणि ऊतींत गुंतलेली टेप पुरती काढणं घालण्यापेक्षा कितीतरी अवघड. तरुण बाई असेल, जाळीची धास्ती असेल, तर मी आज पुन्हा तिच्याच शरीरातली पट्टी वापरते. जखम मोठी, मुक्काम जास्त, काही दिवस लघवी अडण्याची शक्यता अधिक. हे ऐकून काहीजणी टेपच निवडतात. निवड त्यांची.

ऑपरेशनच्या आधी व्यायाम हवा, हे पुस्तकी वाक्य सगळेच म्हणतात. १९४८ मध्ये अमेरिकेच्या आर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. त्यांनी तो एका दाबमापकावर बाईला स्वतःचा जोर दाखवत शिकवला होता. आम्ही तो चिठ्ठीवर लिहून देतो. १९९१ च्या एका छोट्या अभ्यासात नुसतं तोंडी सांगितल्यावर निम्म्या बायकांनाच तो बरोबर जमला, आणि एक चतुर्थांश जणी उलट खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढवण्याचा सराव. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या ४६० बायकांच्या अभ्यासात वर्षानंतर ऑपरेशनवाल्या ९०.८ टक्के आणि फिजिओथेरपीवाल्या ६४.४ टक्के जणींना सुधारणा वाटली. व्यायामाच्या गटातल्या ४९ टक्के जणी अधेमधे ऑपरेशनकडे वळल्या. सर्जन हा अभ्यास ऑपरेशनच्या बाजूने वाचतात. मी म्हणते, नीट शिकवलेल्या व्यायामावर निम्म्या जणी चाकूशिवाय राहिल्या, त्यांचं काय? अडचण एवढीच की तालुक्याच्या गावात हे शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मिळत नाही. आमच्या एका सिस्टरना मी तयार केलं आहे. त्या बोटाने तपासून सांगतात, “आता बरोबर. आता श्वास कोंडलात.”

गर्भाशय काढण्याबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. “पिशवी काढा, लघवीचाही त्रास जाईल” हा सल्ला घेऊन बायका आजही येतात. तो त्रास त्याने जात नाही. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवर आधारित, २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे गळतीचं ऑपरेशन लागण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी पिशवी काढली तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या आता पन्नाशीकडे सरकतील, मोळ्या उचलतील. क्वचित प्रसंगी पिशवी काढण्याच्या ऑपरेशनात मूत्राशयाला इजा होऊन मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडतं आणि लघवी अहोरात्र झिरपत राहते. ते भोक बंद करणं हे वेगळं, सावकाशीचं काम. स्लिंगचा त्याच्याशी संबंध नाही. पण अशी बाई “खोकला नसतानाही होतं” म्हणते, तेव्हा ते वाक्य ऐकू यायला हवं.

टेपनंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही. हे मी नुसतं बाईला न सांगता घरच्यांनाही बोलावून सांगते: हंडा नाही, गॅसचं सिलिंडर नाही, नातू कडेवर नाही. एकदा एक सासूबाई म्हणाल्या, “मग पाणी कोण भरणार?” सून खाली बघत होती. मी तारीख पुढे ढकलली. जूनमध्ये दाराशी नळ आल्यावर त्या दोघी परत आल्या आणि ऑपरेशन झालं.