गमत्या माणसाची नोंद

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात आलं ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान इथे एकमेकांना भिडले. मुबारिझखान रणात पडला आणि दख्खनेत निजामाचा पाय घट्ट रोवला गेला. या विजयापायी गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळालं. लोकांच्या तोंडी ते काही रुळलं नाही, आजही गाव साखरखेर्डाच आहे. लढाईखालोखाल गावाची ओळख मठांची. पलसिद्ध महास्वामींचा मठ आहे, प्रल्हाद महाराज रामदासींचं स्थान आहे. उत्सव होतात, पंगती उठतात, चरित्रं वाचली जातात. लढणाऱ्याची आणि संताची आठवण कशी ठेवायची, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण गावात आणखी एक माणूस असतो. तो कुठे लढत नाही, कुणाला अनुग्रह देत नाही. चार एकर करतो, नाहीतर छोटंसं दुकान चालवतो, पोरींची लग्नं करतो आणि जिथे बसेल तिथे माणसं हसवतो. वऱ्हाडात त्याला गमत्या म्हणतात. तो गेला की तेरवीपर्यंत त्याच्याच गोष्टी निघतात, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या सांगणारेही निघून जातात. माझं म्हणणं एवढंच आहे, की या माणसाचं आयुष्य लिहून ठेवण्याजोगं आहे, आणि ते लिहिणं त्याच्या घरच्यांचं आणि गावाचं काम आहे.

आज त्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर आधार कार्डाच्या फोटोवरून मोठा केलेला चेहरा, कडेने झेंडूचा छापील हार, खाली जन्म आणि मृत्यूची तारीख, आणि मग 'शोकाकुल' या शब्दाखाली नावांची रांग. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून भावाभावांत बोलाचाली होते, इतका त्या रांगेचा विचार केलेला असतो. गेलेल्या माणसाबद्दल मात्र एक ओळ नसते. पेपरातल्या निधनवार्तेत ती एक ओळ असते, पण ती सगळ्यांसाठी सारखीच. मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, दोन मुलं, एक मुलगी, नातवंडं असा आप्तपरिवार. आयुष्यभर ज्याच्या तोंडचं एकही वाक्य दुसऱ्यासारखं नव्हतं, त्याला निरोप मात्र सगळ्यांसारखाच मिळतो. फोटोतसुद्धा तो हसत नाही, कारण सरकारी कार्डावर कुणीच हसत नाही.

त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या माणसाचं काम नीट पाहावं. लग्नात नवरदेवाचा मामा मानपानावरून रुसून बसतो, जेवायला उठत नाही, दोन्हीकडची वडीलधारी माणसं हात जोडून थकतात. तिथे याला बोलावणं जातं. तो मामाजवळ जाऊन बसतो, आधी मामाचीच बाजू घेतो, व्याह्याला चार शब्द सुनावतो आणि मामाच्या तोंडावर हसू आलं की त्याला हाताला धरून पंगतीला आणतो. मौतीच्या घरी बसायला आलेली माणसं गप्प असतात. गेलेल्याची एखादी खोड काढून रडणाऱ्या घराला पहिल्यांदा हसवण्याचं धाडस तोच करतो. ते फार जपून करायचं असतं. एक शब्द इकडेतिकडे झाला तर ते घर जन्मभर विसरणार नाही. आणि पोळ्याला तर त्याच्यावाचून चालतच नाही. तोरणाखाली बैलांच्या रांगा लागलेल्या असतात, शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळावर बाशिंग. कुणीतरी पुढे होऊन झडती म्हणायला घेतो. देवाच्या नावाने सुरुवात होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला सावकार, सरपंच, सरकार, कापसाचा भाव, सगळे तडाख्यात सापडतात. शेवटी अख्खा जमाव 'हर हर महादेव' म्हणून दाद देतो. काही झडत्या पिढीजात असतात, पण त्या वर्षीच्या पावसावर आणि त्या वर्षीच्या भावावर जोडलेली झडती त्या माणसाची स्वतःची असते. तोंडावर बोलण्याची एरवी ज्यांची हिंमत नसते, त्यांच्या वतीने तो गावाच्या देखत बोलून घेतो. हा आपल्या वाङ्मयाचाच भाग आहे. त्याच्या कर्त्याचं नाव मात्र कुठेच टिकत नाही.

नाव टिकलं ते लिहिणाऱ्याचं. मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) याच बुलढाणा जिल्ह्यात खामगावला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव-जामोदला वकिली करत होते. त्यांच्या लेखांतले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या श्रावणी, शिमगा, लग्न अशा घरगुती प्रसंगांतूनच विनोद उभा करतात. गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानलं. पुण्या-मुंबईच्या बाहेर, तालुक्याच्या गावात कोर्टकचेरी आणि संसार सांभाळत बसलेल्या माणसाने मराठीला हसण्याची नवी वाट दाखवली, ही गोष्ट आपण जिल्ह्यातल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. कोल्हटकरांची नोंद राहिली, कारण लेखणी त्यांच्याच हातात होती. ज्याची कला बोलण्यात आहे, त्याच्यासाठी लेखणी दुसऱ्या कुणीतरी धरावी लागते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप बायका घेतात, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पुरुषाच्या मौजेचा खर्च कुणी सोसला? ओट्यावर मैफल जमते तेव्हा आतल्या चुलीवर तिसऱ्यांदा चहाचं आधण चढलेलं असतं. दिलदारपणाने कुणाला उसने दिलेले पैसे पोराच्या फीचे असतात. थट्टाही नेहमी निर्मळ नसते. एखाद्याच्या व्यंगावर, जातीवर, एखादीच्या रंगावर ठेवलेलं टोपणनाव त्या माणसाला मरेपर्यंत चिकटतं. हे सगळं खरं आहे. पण म्हणून आठवण लिहायचीच नाही, असं त्यातून निघत नाही. ती कुणाला विचारून लिहायची, एवढं त्यातून कळतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. नारायण वामन टिळकांचा लहरीपणा, त्यांचा संताप, हातातलं देऊन टाकण्याची त्यांची सवय आणि त्यापायी संसाराची झालेली ओढाताण, हे सगळं त्यांच्या बायकोने हसत, चिडत, प्रेमाने लिहिलं. म्हणून रेव्हरंड टिळक आज आपल्याला जिवंत माणूस म्हणून ओळखीचे आहेत. नुसत्या चाहत्यांनी लिहिलं असतं तर त्यांचा पुतळा झाला असता. गमत्या माणसाबद्दल पहिला प्रश्न त्याच्या बायकोला विचारावा, दुसरा ज्याची थट्टा झाली त्याला.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं, त्यांत बुलढाणा होता. अशा मुलखात मौजेचं काय कौतुक, असं कुणी म्हणालं तर मी ते उडवून लावणार नाही. कर्ज हसण्याने फिटत नाही, सोयाबीनचा भाव चढत नाही, आणि एका विनोदी माणसामुळे कुणाचा जीव वाचतो असा दावा मी करणार नाही. पण या मुलखातल्या शेतकऱ्याची जी कागदोपत्री नोंद होते, ती बहुतेक कर्जाची, पंचनाम्याची आणि मरणाची. त्याच घरांत लोक जगले कसे, कशावर हसले, पीक बुडालेल्या वर्षी पोळ्याला काय बोलले, हे त्या कागदांत कधीच येत नाही. नुसत्या दुःखाची नोंद ठेवली तर तीही अर्धीच राहते, आणि त्या अर्ध्या नोंदीवरून आपल्याबद्दलचं मत ठरतं. मोबाइलमध्ये सगळं आहे, असंही हल्ली म्हणतात. मोबाइलमध्ये वरातीतला नाच सापडेल. गमत्या कुणाला उद्देशून काय म्हणाला आणि तेव्हा लोक का हसले, हे सांगणारं माणूस शेजारी नसेल तर नातवाला त्यातलं काहीच कळणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरातलं असं माणूस गेलं तर तेरवीला जमलेल्या पाहुण्यांत एक दोनशे पानी वही फिरवा. त्याच्या झडत्या, त्याने ठेवलेली नावं, मोडता मोडता राहिलेली सोयरीक, बुडवलेले आणि बुडालेले पैसे, बैलांची नावं, त्याच्यावर रागावलेल्यांची तक्रार, जे कुणी सांगेल ते त्याच्याच बोलीत उतरवून घ्या, वऱ्हाडीचं पुस्तकी मराठी करू नका. लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ शाळेतलं पोर बसवा. वहीची एक झेरॉक्स गावच्या वाचनालयात द्या. आणि तो माणूस अजून ओट्यावर बसलेला असेल, तर तेरवीची वाट बघू नका. येत्या पोळ्यालाच वही घेऊन त्याच्याजवळ उभे राहा.