माळावरची टिटवी

जुन्नर म्हटले की शिवनेरी, नाणेघाट आणि माळशेजचे धुके डोळ्यांसमोर उभे राहते; आंबेगाव म्हटले की भीमाशंकरचे दाट अरण्य. परंतु वैशाखात याच दोन तालुक्यांत वाळवंटाचा भास व्हावा अशी भूमीही आढळते. सुट्टीत वडिलांचा कॅमेरा हाती आलेली, एखाद्या छायाचित्रस्पर्धेसाठी विषय शोधणारी किशोरवयीन मुले तिच्याकडे वळली, तर त्यात नवल नाही.

नैर्ऋत्येचे वारे आपले ओझे सह्याद्रीच्या माथ्यावरच उतरवतात. पूर्वेकडे जावे तसा पाऊस विरळ होत जातो. आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून आणे घाटाकडे निघाले की हिरवा रंग संपतो आणि खडकाळ माळ व पिवळे गवत सुरू होते. वाटेत गुळुंचवाडीला ओढ्याच्या पाण्याने खडक झिजून तयार झालेला नैसर्गिक दगडी पूल आहे. आंबेगावातील ओसाडी निराळी. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव बुडाले. तालुक्याचे नाव त्याच गावाचे. मुख्यालय मात्र घोडेगावी. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठाचा गाळ वाळून त्याला भेगा पडतात आणि जिथे लाटा होत्या तिथे तडकलेली जमीन दूरवर पसरते. सकाळच्या तिरप्या उन्हात या भेगांच्या सावल्या लांबतात. छायाचित्रकाराला हवी असते ती हीच वेळ. नऊनंतर ऊन माथ्यावर येऊ लागते आणि सारे सपाट दिसू लागते.

भूमीचे चित्र घेताना कोणाचे काही बिघडत नाही. खरी कसोटी लागते ती सजीवापाशी. माळावर चंडोल, धाविक, पखुर्डी, ससा, क्वचित खोकड दिसते. पण हमखास भेटते ती टिटवी. ती घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या लहानशा खळग्यात ती अंडी घालते आणि त्यांचा रंग भोवतालच्या खड्यांसारखाच असतो. उन्हाळ्यात तिचे खरे काम ऊब देण्याचे नसून सावली धरण्याचे असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंडी गार ठेवते. माणूस जवळ आला की ती उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. अननुभवी मुलाला वाटते, किती छान उडते आहे! तो आणखी चार चित्रे घेतो, आणखी पाच मिनिटे थांबतो. तेवढा वेळ अंडी तापत्या खडकावर उघडी पडलेली असतात.

बिबट्याची गोष्ट याहून गंभीर. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी बागायत वाढली, ऊस आला आणि उसात बिबट्याला आसरा मिळाला. या पट्ट्यात माणसे दगावली आहेत, लहान मुलेही. म्हणून तिन्हीसांजेला उसाच्या कडेने कॅमेरा घेऊन फिरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. ऊसतोडणीत पिल्ले सापडली तर वनविभागाचे लोक त्यांना त्याच जागी ठेवून रात्री आई येण्याची वाट पाहतात. भोवती छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी राहिली, तर ती माता येणार कशी?

जगातील नामांकित स्पर्धांनाही हे भान ठेवावे लागले आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले. तो लांडगा बहुधा पाळीव असावा, असा निष्कर्ष निघताच २०१० मध्ये ते बाद झाले. याउलट २०१८ साली त्याच स्पर्धेत पंजाबच्या दहा वर्षांच्या मुलाने आपल्या वयोगटात बक्षीस मिळवले. कपूरथळ्याजवळ एका जुन्या नळात शिरणारी पिंगळ्यांची जोडी त्याला दिसली. त्याने वडिलांना गाडी थांबवायला सांगितली आणि गाडीतूनच, खिडकीच्या काचेवर कॅमेरा टेकवून चित्र घेतले.

त्या दिवशी मुलाइतकेच श्रेय गाडी थांबवून स्वस्थ बसलेल्या वडिलांचेही आहे. मुलासोबत माळावर जाणाऱ्या पालकांनी हे ध्यानी धरावे. पक्षी ओरडू लागला की परत फिरायचे, अंड्यांची वा पिल्लांची जागा कोणाला सांगायची नाही, खाऊ दाखवून शेकरूला खाली बोलवायचे नाही. व्यापारी घरातील मुलाला हिशेब नव्याने शिकवावा लागत नाही. ज्या नफ्यात दुसऱ्याचे भांडवल बुडते, तो नफा खतावणीत मांडण्याजोगा नसतो, हे त्याला घरातच कळलेले असते.

टिटवीनेही समुद्र आटवला, अशी आपल्याकडे म्हण आहे. माळावरच्या टिटवीला एवढे काही नको असते. मुलगा शंभर पावले मागे सरून बाभळीच्या आडोशाला बसला, तर तिचे ओरडणे थांबते. ती दूर उतरते, थोडे चालते, थबकते, पुन्हा चालते आणि अंड्यांवर येऊन सावली धरते. एवढ्या अंतरावरून चित्रात ती लहानच येईल, स्पर्धेत कदाचित मागे पडेल. पण पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच माळावर खड्यांच्या रंगाची पिल्ले धावताना दिसतील.