पोयबावडी ते चैत्यभूमी : बॅटरीच्या सायकलवरून

खर्डी-कसाऱ्याकडच्या माणसाला मुंबई काही नवी नाही. पहाटेची लोकल धरून दादर, भायखळा, मशीद बंदर गाठणारे कितीतरी बंधू-भगिनी आपल्या वस्त्यांत आहेत. पण आपण पाहतो ती मुंबई कोणती? रेल्वेचा फलाट, कामाची जागा, केईएम नाहीतर टाटा हॉस्पिटलातील केसपेपरची रांग आणि ६ डिसेंबरची चैत्यभूमीची रांग. यांच्या मधली मुंबई आपण लोकलच्या दारातून पळताना पाहतो. आमच्या शहापूर तालुक्यातील तानसा, भातसाचे पाणी या शहराला जाते. तानसा धरण तर १८९२ सालचे. आमच्या गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या शहराची तहान आपण भागवतो, ते शहर निवांतपणे पाहणे ही मात्र मोठ्या लोकांची चैन, असा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे.

तो समज थोडा तरी सैल व्हावा म्हणून हा लेख. मुंबईत अलीकडे भाड्याने बॅटरीच्या सायकली मिळतात. त्यावर बसून आम्ही तिघांनी पोयबावडीची चाळ, राजगृह आणि चैत्यभूमी एका दिवसात पाहिली. तिघे म्हणजे मी, कॉलेजात शिकणारी माझी मुलगी आणि नायगावला राहणारा आमचा भाचा. हा भाचा अशाच सायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सले पोचवतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक ठरलेला, म्हणून आमच्या कार्यालयाला सुट्टी असलेला शनिवार निवडला. खर्डीहून दादर साधारण दोन तास.

आधी या सायकलीविषयी. पॅरिस शहराने २००७ साली सार्वजनिक सायकलींची मोठी योजना काढली आणि मग जगभर तिचे अनुकरण झाले. मुंबईत २०२० साली वांद्रे-कुर्ला संकुलात बॅटरीवर चालणाऱ्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, पुढे त्या इतर भागांतही दिसू लागल्या. नावाला सायकल, पण आम्ही घेतलेल्या गाडीला पायडलच नव्हते. पाय ठेवायला पाटी आणि हाताशी स्कूटरसारखी मूठ. मूठ पिळली की निघाली. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असेल, तर अशा गाडीला लायसन्स लागत नाही आणि आरटीओची नोंदणीही लागत नाही. मोबाइलमध्ये कंपनीचे अॅप घ्यायचे, त्यात आधी पैसे भरायचे आणि सायकलवरचा ठिपक्यांचा चौकोन मोबाइलने टिपायचा. कुलूप उघडते आणि मिनिटे मोजणे सुरू होते.

मी बी.कॉम. झालेली कारकून, त्यामुळे हिशेब पाहिल्याशिवाय पाऊल उचलत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात सुरुवातीला कुलूप उघडण्याचे ५ रुपये आणि पुढे मिनिटाला दीड रुपया असा दर होता. म्हणजे अर्ध्या तासाचे ५० रुपये. दर कंपनीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी अॅपमध्ये नक्की पाहावे. बेस्ट बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तरीही चार माणसांच्या कुटुंबाला बसच स्वस्त पडते हे मी स्पष्ट सांगते. शिवाय या सायकलवर एकाच माणसाने बसायचे असते आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती देत नाहीत. म्हणून म्हातारी माणसे आणि लहान मुले यांनी बसने जावे, तरुण मुला-मुलींनी सायकल घ्यावी. सायकलचा खरा फायदा असा की हवे तिथे थांबता येते. बस आपल्याला स्टॉपवर उतरवते, ही आपल्याला गल्लीत नेते.

पहिला मुक्काम परळची पोयबावडी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि त्या ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांपैकी पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. आपल्यापैकी कितीजण केईएमला, वाडियाला पेशंट घेऊन गेले असतील! तिथून ही चाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. औषधाच्या चिठ्ठ्या हातात असताना चाळ कुठे सुचणार, हेही खरे.

सायकली खाली लावून आम्ही वर गेलो. लांब गॅलरी, शेजारी-शेजारी दारे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. ही राहती चाळ आहे, म्हणून आवाज न करता, कोणाच्या दारात गर्दी न करता उभे राहिलो. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत अभ्यास. याच पत्त्यावरून बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, परत आले, १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुन्हा लंडनला गेले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच पत्त्याच्या काळातला. आणि रमाईचा जवळजवळ सगळा संसारही इथलाच. पाच मुलांपैकी चार मुले त्या माउलीच्या डोळ्यांदेखत गेली. माझी मुलगी खोलीच्या मापाकडे पाहत होती. "आई, आपलं खर्डीचं घर यापेक्षा मोठं आहे," एवढेच ती म्हणाली. मी काही बोलले नाही. तिला जे कळायचे ते कळले होते.

तिथून डॉ. आंबेडकर रस्त्याला लागलो. परळचा दामोदर हॉल याच भागात. ९ मार्च १९२४ रोजी येथे बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. नाट्यगृहाची जुनी वास्तू २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाली, त्यामुळे जागा रस्त्यावरूनच दाखवावी लागते. पुढे हिंदमाता. पावसाळ्यात इथे पाणी तुंबते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा जुलै-ऑगस्टात बॅटरीची सायकल घेऊन या वाटेला जाऊ नये. रस्त्यावर उड्डाणपूल आहेत, पण सायकलवाल्याने पुलाखालचाच रस्ता धरावा. नायगाव-दादरच्या बाजूला गोकुळदास पास्ता रोडवर आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना होता. ती वास्तू जून २०१६ मध्ये पाडण्यात आली आणि त्याविरुद्ध जुलैमध्ये हजारो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. तिथेही आम्ही थांबलो.

खोदादाद सर्कलवरून हिंदू कॉलनीत वळले की राजगृह. पोयबावडीपासून इथवर सिग्नल धरून सायकलला फार तर वीस मिनिटे लागतात. मुलीने मोबाइलवर पाहिले, अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. हे तीन किलोमीटर ओलांडायला बाबासाहेबांना बावीस वर्षे लागली. त्या बावीस वर्षांत कोलंबिया आहे, लंडन आहे, बॅरिस्टरी आहे, चवदार तळे आणि गोलमेज परिषद आहे. बॅटरीने रस्ता लवकर सरतो, पण बाबासाहेबांनी तो अभ्यासाच्या बळावर ओलांडला. आपल्या मुलांना हे पुस्तकातून सांगून जेवढे पटते, त्यापेक्षा या रस्त्यावरून एकदा नेले की जास्त पटते.

राजगृहाच्या दाराशी आमचा भाचा जरा बुजला. म्हणाला, "मामी, ह्या गल्लीत मी रोज दोन-तीन पार्सलं टाकतो. हे गेट रोज दिसतं. पण आत जाता येतं, हे कोणी सांगितलंच नाही."

मी म्हटले, "मग आज पार्सल नाही. आज तूच पाहुणा. चल."

मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिलेले हे घर १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधून झाले, आणि ते मुख्यतः पुस्तकांसाठी बांधले. पन्नास हजारांवर ग्रंथ इथे होते. तळमजल्यावर बाबासाहेबांचा अस्थिकलश, छायाचित्रे आणि वापरातील वस्तू पाहायला मिळतात. पंचशील घेऊन आम्ही एकेक वस्तू पाहिली. भाच्याने विचारले, "एवढ्या पुस्तकांना पैसे कुठून आणले असतील?" न्यूयॉर्कला असताना त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ मध्ये परत येताना सामानाचे जहाज महायुद्धात बुडवले गेले आणि त्यातली बरीच पुस्तके गेली. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून जमवली. हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. ७ जुलै २०२० रोजी याच घराच्या आवारात नासधूस झाली, तेव्हा आपला समाज किती अस्वस्थ झाला होता तेही त्याला आठवत होते. रमाईने याच घरात २७ मे १९३५ रोजी शेवटचा श्वास घेतला. त्या माउलीला प्रशस्त घर लाभले ते एवढे थोडे दिवस.

आता या भाच्याविषयी, कारण असे भाचे-पुतणे आता घरोघरी आहेत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडले. सकाळी अकरा ते रात्री अकरा तो रस्त्यावर असतो. सायकलचे भाडे आधी वजा होते, उरेल ती कमाई. पेट्रोलचा खर्च नाही, हाच काय तो दिलासा. आमच्याकरिता दिवसभराची मजा असलेली ही सायकल त्याच्याकरिता पोट आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी सुधारणा १९४६ साली झाली. ज्यांनी कामगाराला आठ तासांचा दिवस मिळावा म्हणून झगडा केला, त्यांच्या दारावरून आपली मुले बारा-बारा तास पळतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मोबाइलवरून काम घेणाऱ्या कामगारांचा प्रथमच उल्लेख आला आहे. ई-श्रम नोंदणी मोफत होते. कार्यकर्त्यांनी वस्तीत एक दिवस बसून या मुलांची नोंदणी करून द्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट १९८९ पासून उघडी आहे. काम करता करता अपुरी पदवी पुरी करता येते.

दुपारी पूल ओलांडून दादर पश्चिमेला आलो आणि शिवाजी पार्कच्या बाजूने चैत्यभूमीवर गेलो. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच किनाऱ्यावर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. आजचा स्तूप ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुला झाला. आपण ६ डिसेंबरला येतो तेव्हा रांग पुढे सरकते आणि आपण तिच्यासोबत सरकतो, डोळे भरून पाहणे होत नाही. साध्या दिवशी या. सांचीच्या धर्तीचे तोरण पाहा, अशोकस्तंभ पाहा, मुलांना समुद्रापाशी बसवा. जवळच इंदू मिलच्या जागेवरील स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली. १०० फूट चबुतरा आणि त्यावर ३५० फुटांचा पुतळा अशी ती योजना आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. सायकल घेण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहा आणि बॅटरी किती टक्के आहे ते पाहा. कायदा सक्ती करत नसला तरी डोक्यावर हेल्मेट असू द्या. बायकांनी साडीपेक्षा पंजाबी ड्रेस घालावा आणि ओढणी नीट खोचावी. सायकल ठरवून दिलेल्या जागीच सोडावी, नाहीतर दंड बसतो. परत करताना कुलूप लागल्याची खात्री करा. आमच्या एका सायकलचे कुलूप लागेना आणि तक्रार नोंदवेपर्यंत मिनिटांचे पैसे चालूच राहिले. मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता म्हणून ते नंतर परत मिळाले. राजगृहात जाण्याआधी वेळ विचारून घ्या. भाकरी-भाजी घरून न्या, बागेत बसून खाता येते.

भाच्याने कॉलेजचा अर्ज भरला का, असे कोणी विचारील. अजून भरलेला नाही. घरची गरज मोठी आहे आणि एका दिवसाच्या फेरीने ती कमी होत नाही. पण परवा त्याचा फोन आला. नायगावातल्या दोन मित्रांना तो राजगृह दाखवून आला, पार्सले पोचवून झाल्यावर, स्वतःच्याच वेळात. तुमच्याही घरात असा एखादा मुलगा असेल. त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला म्हणा, आज तू पुढे हो, आम्ही तुझ्या मागून येतो.

जय भीम!