पाट्या वाचणारा कादंबरीकार

मराठीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दरवर्षी एकच प्रश्न विचारून सुरुवात करीत असे : लहानपणी काय काय वाचलंत? उल्हासनगरच्या आमच्या वर्गात त्यानंतर जी शांतता पसरे, ती मला बरीच वर्षे विद्यार्थ्यांची उणीव वाटत आली. अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने येणारी, घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नसलेली ही मुले. माझ्या मनात मात्र लेखकाच्या घडणीचे एक ठरीव चित्र होते. वडिलांचे पुस्तकांचे कपाट, आजारपणात संपवलेली कादंबरी, मग वही, मग प्रकाशक. हरिभाऊ आपट्यांना ते शोभते. चिपळूणकर-आगरकरांच्या शाळेत शिकलेल्या हरिभाऊंनी इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचल्या आणि १८८५ मधली आपली 'मधली स्थिती' रेनॉल्ड्सच्या धर्तीवर बेतली.

एके वर्षी मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, लेबलं." त्याची आई घरी जीन्सचे धागे कापायचे काम आणी, त्या ढिगातल्या पट्ट्यांवरून तो इंग्रजी अक्षरे शिकला होता. वर्ग हसला. ('मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.) मीही हसलो. पुढच्याच आठवड्यात मला 'फकिरा' शिकवायची होती.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) वाटेगावच्या शाळेत दीड दिवस टिकले, असे सांगितले जाते. पुढे वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे यांवरून अक्षर अक्षर जुळवत ते वाचायला शिकले. हा तपशील मी 'परिस्थितीवर मात' या सदराखाली पाच मिनिटांत उरकत असे. या वेळी तो उरकेना. पाटी वाचणाऱ्याला शब्द एकटा भेटत नाही; त्याच्याखाली दुकान असते, गिऱ्हाईक असते, भाव असतो. असे वाचन वाङ्मयाच्या अलीकडचे आहे, असे आपण कशाच्या आधारावर ठरवतो?

शिवाय फकिराची गोष्ट त्यांनी कुठे वाचलेली नव्हती. ती घरची होती. त्यांच्या जन्माच्या वेळी फकिराने ओंजळभर सुरती रुपये दिल्याची आठवण घरात सांगितली जाई. कानाची ही तालीम पुढे तमाशात, पोवाड्यात आणि १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह काढलेल्या लाल बावटा कलापथकात पक्की झाली. 'फकिरा'तले प्रसंग मोठ्याने वाचून पाहावेत. समोर श्रोते बसले आहेत हे कथनकार विसरत नाही. गॉर्की त्यांना भेटला तो चळवळीतून. म्हणजे पुस्तके आली ती गोष्टीनंतर. १९५९ साली ही कादंबरी निघाली, तिला प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला.

पाट्यांवर भागते असे मात्र कोणी समजू नये. अण्णा भाऊंनी पुस्तके मिळताच ती अधाशासारखी वाचली. बदलापुरात श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा' हे मराठी ग्रंथांचे मोठे वाचनालय उभारले. रोज त्याच स्थानकावरून गाडी पकडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते. हा दोष त्यांचा नव्हता. मीच कधी सांगितले नव्हते.

पहिल्या तासाचा प्रश्न मी आता बदलला आहे. लहानपणी तुम्हांला गोष्टी कोण सांगत असे, असे विचारतो, आणि त्यानंतर वर्ग आवरावा लागतो.

त्या लेबलवाल्या मुलाने 'फकिरा'वरच्या चाचणीत दीड पान आपल्या आईच्या कात्रीविषयी, रात्री धागे कापताना ती सांगत असलेल्या तिच्या गावाकडच्या गोष्टींविषयी लिहिले होते. विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नाही, असा शेरा मारून मी पंधरापैकी चार गुण दिले. तो दुसऱ्या वर्षाला आला नाही. चाचणीचे पेपर आमच्याकडे वर्षअखेरीस रद्दीत जातात.