पायी माणसाला तिकीट नाही

परक्या शहरात लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाची कुणी वाट पाहत नाही. सकाळची गाडी चुकली म्हणून विचारणारा साहेब तिथे नसतो, जेवणाच्या सुट्टीत बरोबर चालणारी माणसं नसतात. कचेरी मांडीवर असते आणि शहर खिडकीबाहेर. त्याला कुठे जायचंच नसतं, हीच त्याची मोठी अडचण. महिना महिना लिस्बनला किंवा बँकॉकला राहून आलेली किती तरी माणसं मला भेटतात. त्यांना विमानतळ, भाड्याची खोली, दोन कॅफे आणि फोटो काढण्याच्या जागा आठवतात. मधलं काहीच आठवत नाही, कारण मधला सगळा वेळ ती टॅक्सीच्या मागच्या सीटवर फोन बघत बसलेली असतात.

मला मात्र हे मधलंच शहर वाटतं. बसमध्ये, लोकलमध्ये, होडीत शहर आपल्याला धक्का देतं, सरकून जागा करून देतं, आपल्या पायावर पाय ठेवतं. तिकीट काढून आत शिरलं की आपण कोण, कुठले, किती दिवसांसाठी आलो हे कुणी विचारत नाही. ज्याला शहराने कामावर बोलावलेलं नाही, त्याने स्वतःच आपल्यासाठी एक रोजची वाट ठरवावी आणि त्या वाटेने ठरल्या वेळी जावं-यावं, असं माझं पक्कं मत झालंय. मग काही दिवसांनी चेहरे ओळखीचे होतात. कुणी बोलत नाही, पण एखाद्या दिवशी आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी ते ध्यानात येत असणार, एवढा भरवसा वाटायला लागतो.

मी नार्व्याची. डिचोली तालुक्यातलं, मांडवीकाठचं हे गाव; समोर दिवाडी बेट. बेटाला आजही पूल नाही. आमच्याकडची फेरी, जुन्या गोव्याची फेरी आणि रायबंदरची फेरी, याच बेटावर जायच्या वाटा. नार्व्याहून पणजीला जायचं तर एका फेरीने दिवाडीवर उतरायचं, शेतांमधला रस्ता धरून पलीकडचा किनारा गाठायचा, दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागायचं आणि वर येऊन पणजीची बस धरायची. या फेऱ्या सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या. चारचाकीला पैसे पडतात, पायी माणसाला तिकीट नाही. लोखंडी फळी खाली टेकली की आधी दुचाक्या घरघरत उतरतात, मग आपण. पावाची टोपली सायकलला बांधलेला पोदेर, शाळेतून परतणारी पोरं, देवळात जायला निघालेलं कुटुंब, सगळी एकाच कठड्याला टेकून उभी असतात. पाणी ओलांडायला काही मिनिटं लागतात, पण तेवढ्या वेळात गावातली अर्धी बातमी कळते.

यात काही विशेष आहे असं लहानपणी वाटलं नव्हतं. पुढे एकेका शहरात तिकिटाच्या यंत्रापुढे उभी राहून कुठलं कार्ड, किती झोन, किती पैशांचा भरणा, हे समजून घेताना त्याची किंमत कळली. लक्झेंबर्गने 2020 मध्ये देशभरातली बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सर्वांना फुकट केली, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. एस्टोनियाची राजधानी टॅलिन 2013 पासून आपल्या रहिवाशांना बसचं भाडं लावत नाही. त्या शहरांचं मला मनापासून कौतुक आहे. आमच्या धक्क्यावर मात्र पायी माणूस रहिवासी आहे की पाहुणा, एवढंही विचारत नाहीत.

आमच्या गावचा देवसुद्धा असाच नदी ओलांडून आलेला. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते पाडलं आणि पुढे लिंग नदीपार नार्व्याला आणलं गेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या नदीत स्नानाला लोटलेली माणसं पाहिली की या गावाचं सगळं आयुष्य या काठावरून त्या काठाला जाण्यातच गेलंय, हे पटतं.

घरून काम करणाऱ्याच्या वाटा घड्याळ ठरवतं, आणि ते घड्याळ त्याच्या शहराचं नसतं. माझी कचेरी पुण्याची. तिथे साडेनऊला कामाला बसायचं म्हणजे हिवाळ्यात लिस्बनला पहाटेचे चार, इस्तंबूलला सकाळचे सात, बँकॉकला अकरा. लिस्बनमध्ये अंधारात उठून दिवा लावून बसायचं, पण दुपारी एकला सगळं शहर आपल्याला मोकळं. बँकॉकला उलट: सकाळ आपली, आणि काम संपवून बाहेर पडावं तर रात्रीचे आठ वाजून गेलेले. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्याही आधी मी दोन गोष्टी विचारते: सर्वांत जवळचा थांबा किती पावलांवर आहे आणि शेवटची गाडी किती वाजता. एकट्या बाईला तर हे दोन प्रश्न सोडताच येत नाहीत. व्हिसाच्या अटीही आधी नीट वाचाव्यात. पर्यटक म्हणून जाऊन तिथे बसून काम करणं बऱ्याच देशांत चालत नाही. पोर्तुगालने 2022 च्या ऑक्टोबर अखेरीस आणि थायलंडने 2024 मध्ये अशा कामासाठी वेगळे व्हिसा सुरू केले.

लिस्बन मला जास्त आवडलं ते तिथल्या होड्यांमुळे. पिवळ्या अठ्ठावीस नंबरच्या ट्रामसाठी पर्यटकांच्या रांगा लागतात. उतारावरून कुरकुरत जाणारा तो लाकडी डबा सुंदर आहे, यात वादच नाही. पण रांगेच्या शेवटी भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं मी पाहिली. ती ट्राम त्यांची रोजची होती, आणि तीत चढायला त्यांनाच जागा नव्हती. त्यानंतर भर दुपारी मी त्या ट्रामला हात केला नाही. टेकडीवर चढणारी ग्लोरियाची लिफ्टगाडी 3 सप्टेंबर 2025 च्या संध्याकाळी कोसळली आणि 16 माणसं गेली. त्यांत परदेशी पाहुणे होते, तशी वरच्या कचेरीतून काम उरकून घरी निघालेली माणसंही होती. ती 1885 पासूनची गाडी होती. फोटोतल्या शोभेच्या गाडीत कुणाची तरी घरी जायची वेळ बसलेली असते, हे त्या बातमीने मनावर कोरलं गेलं.

होड्या सुटतात काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून. तेजो नदी ओलांडून दहा-एक मिनिटांत पलीकडच्या कासिल्याशला लागतात. लिस्बन धरून त्या भागातल्या 18 नगरपालिकांनी 2019 मध्ये एकच मासिक पास काढला, 40 युरोंचा. बस, मेट्रो, लोकल, होडी, सगळं त्यात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण स्वस्त घरं नदीपलीकडे आहेत आणि कामं अलीकडे. पास महाग असता तर नदीने माणसांची दोन गटांत वाटणी केली असती. दुपारी काम संपलं की मी उगीचच पलीकडे जायची आणि संध्याकाळच्या गर्दीत परत यायची. तेव्हा अलीकडून घरी परतणाऱ्यांचा लोंढा समोरून येत असे. केप वर्देच्या बायका, हॉटेलातली पाळी संपलेले नेपाळी तरुण, फोनवर मोठमोठ्याने बोलणारे पंजाबी. त्या लोंढ्यात माझा चेहरा अजिबात वेगळा दिसत नसे.

त्या धक्क्यापासून नदीकाठाने थोडं चाललं की तेरैरु दु पासु हा भला मोठा चौक लागतो. 1755 च्या भूकंपाआधी तिथे राजवाडा होता आणि त्या राजवाड्यातच हिंदुस्थानचा व्यापार चालवणारी कासा द इंडिया. वसंताच्या सुरुवातीला जहाजं इथून निघायची ती पावसाळा सरता सरता गोव्याला लागायची. हुकूम इथे लिहिला जायचा आणि सहा-सहा महिन्यांनी मांडवीकाठच्या कुणाचं तरी देऊळ, शेत, घर त्या कागदाने हलायचं. ज्यांनी तो कागद लिहिला त्यांनी दिवाडी कधी डोळ्यांनी पाहिलीही नसेल. त्या चौकात मी पाण्याकडे तोंड करून बराच वेळ बसले. दुरून केलेल्या कामाची सर्वांत मोठी जोखीम तिथे मला दिसली: ज्या जागेवर आपण परिणाम करतो, त्या जागेच्या रस्त्यावरून आपण कधी चालतच नाही.

इस्तंबूलची फेरी तर खंडच बदलते. काराकोयहून कादिकोयला जाताना युरोप मागे पडतो आणि वीसेक मिनिटांत आशियात पाय ठेवायचा. बॉस्फरसवर फेऱ्या चालवणारी कंपनी 1851 मध्ये निघाली. आज ते काम नगरपालिका पाहते. चहावाला ट्रेवर छोटे निमुळते काचेचे पेले घेऊन फिरतो, माणसं पावाच्या कडीचे तुकडे समुद्रपक्ष्यांना उडवतात, आणि रोज जाणारी-येणारी माणसं या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता पेपर वाचतात. कार्डाची सोय मात्र मनाला भिडली: एकाच कार्डावर मागच्या अनोळखी माणसाचंही भाडं भरता येतं. माझ्या कार्डातले पैसे संपले होते तेव्हा मागच्या बाईने हात पुढे करून स्वतःचं कार्ड टेकवलं आणि माझ्याकडून नाणी घ्यायला नकार दिला.

बर्लिनमध्ये फाटकच नाही. तिकिटावर फलाटावरच्या पेटीत शिक्का मारायचा आणि चढायचं. साध्या कपड्यांतला तपासनीस आला आणि शिक्का नसला, तर 60 युरो दंड. तेवढं ध्यानात ठेवलं की बाकी सगळं सरळ.

पण बँकॉकच्या कालव्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. उन्नत रेल्वे तिथे 1999 मध्ये आली, थंडगार आणि चकचकीत आहे, आणि पाहुणे तिनेच फिरतात. तिच्याखालून, घरांच्या मागच्या अंगाने, सेन सेप नावाचा कालवा वाहतो. त्यावरून लांबट होड्या सुसाट जातात. धक्क्याला होडी जेमतेम टेकते. दोर धरून उडी मारून चढायचं. बाजूंना ताडपत्री असते. दुसरी होडी समोरून आली की कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून ती वर घ्यायची, नाही तर काळं पाणी सगळ्यांच्या अंगावर. हे काम कुणी सांगत नाही. जो कडेला बसतो त्याचं ते असतं. तिकीट देणारी माणसं डोक्याला हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या काठावरून, आत पाय न ठेवता, पुढून मागे चालत जातात, आणि बुटका पूल आला की होडीचं छप्परच खाली येतं. पहिल्यांदा दोरी माझ्या हाताशी आली तेव्हा शेजारच्या मावशींनी कोपराने ढोसलं. मी ओढली. त्यानंतर मी जाणूनबुजून कडेला बसायला लागले. त्या शहरात मला मिळालेलं तेवढंच एक काम होतं, आणि ते मी मनापासून केलं.

आता गोवाच दुसऱ्यांचं परकं शहर झालाय. पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला. मोरजी, मांद्रे, हरमल भागात भाड्याच्या खोल्यांत लॅपटॉप उघडून बसलेली मुलं-मुली आता कुठल्याही महिन्यात दिसतात. ती भाड्याच्या स्कूटरवर फिरतात. खोली ते कॅफे, कॅफे ते किनारा. आमचे लोक त्यांच्यावर रागावतात. भाडी वाढली, रस्ते भरले, ही तक्रार खरी आहे. पण ही मुलं बसमध्ये का चढत नाहीत, हा प्रश्न आधी आपल्याला विचारायला हवा. कदंब महामंडळ 1980 मध्ये निघालं. ज्या राजघराण्याचं नाव त्याने घेतलं त्याचं कुलदैवत आमचा सप्तकोटेश्वर. नाव एवढं मोठं, पण दिवस मावळल्यावर आतल्या गावांत बस मिळणं मुश्कील. खासगी बस भरल्याशिवाय हलत नाही, थांब्यावर वेळेचा फलक नसतो. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवर मागे बसवून भाड्याने नेणारे पायलट हे गोव्याचं खरं भूषण, पण पोरांना आता त्यांचा थांबा कुठे असतो तेसुद्धा सांगावं लागतं. संध्याकाळी सातनंतर घरी पोचवणारी बस ही पाहुण्यासाठी चैन असेल; म्हापशाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईसाठी ती नोकरी टिकण्या-न टिकण्याचा प्रश्न आहे. ही बस दोघांनाही हवी आहे, आणि एकाच बसमध्ये दोघं बसली तर राग अर्धा ओसरेल असं मला खरोखर वाटतं.

मांद्र्याला राहणाऱ्या नाशिकच्या एका मुलीने परवा मला विचारलं, "ताई, स्कूटरशिवाय इथून पणजीला जाता येतं का हो? मला चालवता येत नाही आणि टॅक्सी परवडत नाही." येतं की, म्हटलं. सरळ वाट म्हणजे चोपड्याच्या पुलावरून शिवोली, शिवोलीहून म्हापसा, म्हापशाला बस बदलून पणजी. पण सुट्टीच्या दिवशी लांबची वाट धर. म्हापशाहून डिचोलीच्या बसमध्ये बस, खिडकी मिळाली तर उजवीकडची. डिचोलीच्या स्टँडवर नार्व्याची बस कुठे लागते ते कुणालाही विचार. देवळाशी उतर, मग फेरीचा धक्का. दिवाडीवर पोचलीस की छोटी बस दिसली तर बरं, नाही तर फेरीतच एखाद्या स्कूटरवाल्या काकींना पलीकडच्या धक्क्यापर्यंत सोडाल का म्हणून विचार. विचारलं की सोडतात. जुन्या गोव्याहून पणजीची बस सारखी असते. उतरायचं झालं की कंडक्टरला मोठ्याने "देंवूंक आसा" म्हण, हळू म्हणशील तर पुढच्या थांब्याला जाशील. सुटे पैसे ठेव. आणि परतताना पणजीहून लवकर निघ, कारण म्हापशाहून तुमच्याकडे येणारी शेवटची बस कुणासाठी थांबत नाही.