तुतीच्या झाडाचे आठ वाडगे



लोदमधल्या आमच्या वस्तीत एक जुना मिकलात आहे. तिथे आठवड्यातून दोनदा आम्ही पाचजण, तीन पुरुष आणि दोघी बाया, लेथवर लाकूड कातायला जमतो. सगळे पेन्शनर. दोघांचा जन्म विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात गेला, पण लोखंड कातणं वेगळं आणि लाकूड कातणं वेगळं. लोखंड सांगाल तसं वागतं. लाकूड आपल्या मनाचं असतं.

ज्यांनी सावंतवाडीची खेळणी, भोवरे, पाळण्याच्या खुंट्या पाहिल्या आहेत त्यांना कातारी कोण हे सांगायला नको. मुलांसाठी सांगतो. लेथ, म्हणजे तुमच्या हिब्रूतली माख्रेता, लाकडाचा तुकडा गरगर फिरवते आणि आपण धारदार पटाशी टेकवून त्याला आकार देतो. कुंभाराला माती कमी पडली तर तो वरून लावू शकतो. इथे एकदा निघालेली ढलपी परत चिकटत नाही.

आता तुतीची गोष्ट. हिब्रूतही तिला तूतच म्हणतात, त्यामुळे इथे आल्यावर हे नाव कुणाला नव्याने शिकावं लागलं नाही. आमच्यातल्या एका बाईंच्या इमारतीच्या मागे मोठी तुती होती. वसंतात शाळेतली मुलं रेशमाच्या किड्यांसाठी पाला न्यायला यायची, आणि मे महिन्यात खालची फरशी जांभळी व्हायची. जिना एकच, घरं आठ. दोन आपल्या बेने इस्रायलांची, एक कोचीनकरांचं, बाकी मोरोक्कोचे आणि रशियाहून आलेले. मग जुनी इमारत पाडून उंच टॉवर बांधायचं ठरलं आणि झाडावर तोडीच्या परवान्याचा कागद लागला.

आम्ही भांडलो नाही असं नाही. दवारीममध्ये (२०:१९) वेढा घातलेल्या शहराचीसुद्धा फळझाडं तोडू नका असं सांगितलंय, हे आमच्या एका काकांनी बिल्डरच्या माणसाला ऐकवलं. तो बिचारा हो हो म्हणाला. २०२३ च्या जानेवारीत झाड पडलं. आम्ही हातगाडी घेऊन उभेच होतो. ठरलं होतं की आठ घरं आठ दिशांना जाणार, तर प्रत्येक घराबरोबर या झाडाचा एक वाडगा जावा.

ओलं लाकूड कातायला फार सुख. ढलप्या रिबिनीसारख्या लांब निघतात, तोंडावर पाणी उडतं, हिरवट वास येतो. पण ओल्या लाकडाचा वाडगा एका दमात पुरा करता येत नाही. लाकूड सुकताना आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही. रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच, आडवं मात्र चांगलंच. त्यामुळे आज गोल केलेला वाडगा काही महिन्यांनी लांबट होतो. म्हणून आधी जाडजूड कातायचा. हिशेब सोपा आहे: रुंदीच्या दहाव्या हिश्श्याइतकी भिंत, म्हणजे २८ सेंटिमीटरच्या वाडग्याला साधारण ३ सेंटिमीटर. मग तो सुकू द्यायचा, आणि सुकल्यावर पुन्हा लेथवर चढवून खरा गोल करायचा. खोडाच्या मधला गाभा आधीच करवतीने काढून टाकायचा, तडा तिथूनच सुरू होतो.

नऊ वाडगे निघाले. कागदी पिशव्यांत त्यांच्याच ढलप्यांत गुंडाळून ठेवले. मुंबईच्या हवेत लाकूड सावकाश सुकतं. इथे मात्र खमसीन सुटला की दोन दिवसांत फटकन तडकतं. शुक्रवारी नातवंडं यायची, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगे तोलून बुडाला पेन्सिलीने वजन लिहायची. एक वाडगा २६४० ग्रॅमचा होता, तो १९८० वर येऊन थांबला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. मुलांना याची इतकी गोडी लागली की शाळेचा गृहपाठ कुणी एवढ्या आनंदाने केला नसेल.

एप्रिलच्या खमसीनमध्ये दोन तडकले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मिकलात पुन्हा खरोखरचा मिकलात झाला. लेथ चादरीने झाकून कोपऱ्यात सरकवली, माणसांना जागा केली. भोंगा वाजला की धावत येणारी लहान पोरं त्या पिशव्यांवर बसायची. पिशव्यांना काही झालं नाही. डिसेंबरात, जरा शांत दिवस पाहून, आम्ही काम परत सुरू केलं.

दुसऱ्यांदा कातताना वाडगा डुगडुगतो, म्हणून वेग कमी ठेवायचा, आणि गोल पटाशीची धार लावण्याआधी तिची पाठ लाकडाला टेकवायची. तोंडावर जाळी नको, पूर्ण काचेसारखा मुखवटा हवा. सैल बाही, ओढणी, हातमोजे अजिबात नको. आणि मुलांनो, कण्हेरीच्या, म्हणजे हर्दूफच्या लाकडाला हात लावू नका. इथे रस्तोरस्ती आहे, दिसायला छान, पण विषारी.

तेलाबद्दल आमच्यात बराच वाद झाला. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, पुढे खवट वास मारतो. शेवटी खाण्याचं जवसाचं तेल तीन हात दिलं. तुतीचं लाकूड आधी पिवळं असतं, उजेडाने हळूहळू मधासारखं तपकिरी होतं, तेलाने ते आणखी खुलतं.

सात वाडगे चांगले, घरं आठ. तडकलेल्यांपैकी एकाला आम्ही फुलपाखराच्या आकाराची ऑलिव्हच्या लाकडाची पट्टी बसवून तडा अडवला. तो कुणाला द्यायचा याचा संकोच होता. मोरोक्कोच्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंनी आठही उलटेपालटे करून पाहिले आणि तोच उचलला. म्हणाल्या, हा ओळखू येईल.

२०२४ च्या जानेवारीत तू बिश्वातला आम्ही मलिदा केला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीसाठी जाणाऱ्यांना या दिवसाचं महत्त्व ठाऊक आहे. पोहे, खोबरं, वेलची, वर फळं, सगळं त्या वाडग्यांत. आमच्या घरी मलिदा ताटातच करायची रीत, पण कुणी हरकत घेतली नाही. वाडगे लगेच धुऊन पुसून ठेवले, लाकूड पाण्यात भिजत टाकायचं नसतं.

इमारत गेली. सध्या मिकलातच्या कपाटावर संत्र्याच्या लाकडाचे तीन वाडगे आहेत. परवाच्या शुक्रवारी तोलले, अजून वजन उतरतंय.