दोन सरडे, दोन घरे

बिअर्डेड ड्रॅगन हे नाव भारदस्त असले तरी हा प्राणी म्हणजे दीड-दोन फूट लांबीचा, माणसाळणारा एक सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, अंतर्भागातल्या प्रदेशातला. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, ती काळी पडते आणि दाढीसारखी दिसते, म्हणून हे नाव. अमेरिका-युरोपात तो हौसेने पाळतात.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे असा एक सरडा आहे. गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी आपलाही त्यांनाच देऊन टाकला. लगेच बारा वर्षांच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, तू डॉक्टर आहेस ना? मग सांग, हे दोघं भाऊ-भाऊ आहेत की नवरा-बायको? आणि एकाच पेटीत ठेवले तर चालेल?"

मी माणसांची डॉक्टर. पण त्या घरात तीन वर्षांची भाची आहे आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बहिणीच्या सासूबाई आहेत. त्यामुळे प्रश्न माझ्याही विषयातला होता. प्राण्यांबद्दलचा भाग त्यांनी तिथल्या, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडून पक्का करून घेतला. भाच्याला जे सांगितले, तेच इथे सांगते.

नर की मादी?

सरड्याला सपाट जागी, पोटाला आधार देऊन ठेवावे. शेपटी बुडापाशी धरून हलकेच वर उचलावी. काटकोनापर्यंत नेऊ नये, ओढू तर मुळीच नये. मणक्याला इजा होते. विष्ठेच्या फटीच्या मागे, शेपटीच्या बुडाशी दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे खळगी दिसली तर नर. मधोमध एकच फुगवटा किंवा सपाट असेल तर मादी. मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते. नरात ती ठळक आणि मेणचट दिसते. लहान पिल्लांत मात्र अंदाज चुकू शकतो.

यात एक गंमत आहे. माणसात एक्स-वाय गुणसूत्रे असली की पुरुष. या सरड्यांत झेड-झेड म्हणजे नर आणि झेड-डब्ल्यू म्हणजे मादी. पण अंडी सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर उबली, तर झेड-झेड पिल्लेही मादी होऊ शकतात आणि मोठी झाल्यावर अंडीही घालतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रानातल्या सरड्यांतही हे घडत असल्याचे २०१५ मध्ये दाखवले.

आमच्याकडचा जुना नर निघाला, नवी मादी. "म्हणजे नवरा-बायको!" भाच्याने निकाल दिला.

मग एकत्र कधी ठेवायचे?

उत्तर आहे: ठेवायचेच नाही. नर-मादी कळल्याने एकत्र ठेवण्याची परवानगी मिळत नाही, धोका कोणता आहे तेवढे कळते.

दोन नर असतील तर मारामारी ठरलेली. नर-मादी असतील तर नर सतत मागे लागतो, मानेला चावतो. वारंवार अंडी घालून मादीच्या शरीरातले कॅल्शियम कमी होते. अंडी आत अडकली तर जीव जाऊ शकतो. दोन माद्यांतही एक वरचढ होते आणि दुसरीला खाणे व ऊब कमी मिळते. चावून तुटलेले बोट किंवा शेपटीचे टोक पुन्हा येत नाही. ही आपल्या घरातली पाल नव्हे.

एक सरडा दुसऱ्याच्या अंगावर बसलेला दिसला की आपल्याला ते प्रेम वाटते. बहुतेक वेळा वरचा खालच्याच्या वाट्याची दिव्याची ऊब घेत असतो. काळी पडलेली दाढी आणि जोरात हलणारे डोके ही धमकी. पुढचा पाय संथपणे हलवणे ही शरणागती. तो 'टाटा' नव्हे.

भाचा हिरमुसला. "पण तिचं घर सुटलंय, मावशी. आजीला एकटं नको म्हणून तू नाही का तिला तुझ्याकडे आणलंस?"

या प्रश्नाने मी क्षणभर गप्प झाले. एकटेपणाने खंगलेली माणसे मी दवाखान्यात रोज बघते. पण आजीला माणसे लागतात; या सरड्याला ऊन देणारा दिवा, अतिनील किरणांचा दिवा, गरम दगड आणि लपायला आडोसा लागतो. सोबत हे प्रत्येकाचे औषध नाही. आपल्याला जे हवे असते ते दुसऱ्याला देणे म्हणजे काळजी नव्हे; त्याला काय हवे ते आधी बघावे लागते.

नव्या प्राण्याला पहिले दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवून विष्ठा तपासून घ्यावी. कॉक्सिडिया हे परजीवी आणि अॅडेनोव्हायरस वरून निरोगी दिसणाऱ्या सरड्यातही असू शकतात. रोज आधी जुन्याचे काम करावे, मग नव्याचे. नंतरही पेट्या वेगळ्याच, शक्यतो एकमेकांना न दिसणाऱ्या.

आणि घरातली माणसे?

निरोगी सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात बिअर्डेड ड्रॅगनशी जोडलेल्या एका साथीत शंभराहून अधिक लोक आजारी पडले. त्यांत निम्म्याहून जास्त पाच वर्षांपर्यंतची मुले होती. म्हणून:

- हात लावल्यावर, पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवा.
- पेटी आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.
- सरड्याचे मुके घेऊ नका, त्याला जेवणाच्या टेबलावर सोडू नका.
- पाच वर्षांखालची मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्याला हाताळू नये. लांबून बघावे.

ताप, पोटात कळा, जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा आणि मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. शौचात रक्त, न उतरणारा ताप, लघवी कमी होणे किंवा बाळाची सुस्ती असेल तर लगेच दवाखाना गाठा. आपल्याकडे कासव किंवा इग्वाना असलेल्या घरांनाही हेच लागू आहे. आणि डॉक्टरांना घरातल्या या पाहुण्याबद्दल आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी.